दीड हात लुगडं

"उंदरांना झोपायला गादी बरी की झोळी?" साहेबांच्या मुलीनं मला असं विचारलं, तेव्हा माझ्या मुठीत अकरा मेलेले उंदीर होते. शेपट्या एकत्र धरून मी ते गोदामामागच्या खड्ड्यात पुरायला निघालो होतो. मी आधी तिच्याकडं बघितलं, मग मुठीकडं बघितलं.

"ह्यास्नी आता काईबी चालतंय, ताई," मी म्हणालो.

ती कसनुशी झाली, पण मागं सरली नाही. "ह्यांचं नाही हो. माझ्याकडे दोन आहेत. जिवंत. पाळलेत मी."

हे तीस वर्षांपूर्वीचं. धान्याच्या एका मोठ्या गोदामात मी उंदीर मारायच्या कामावर होतो. कागदावर माझ्या कामाला दीड ओळीचं नाव होतं आणि त्यात उंदीर हा शब्द चुकूनही नव्हता. पण सापळे लावायचे, बिळं बुजवायची, विषाच्या गोळ्या ठेवायच्या आणि सकाळी मेलेले गोळा करायचे, एवढंच ते काम. माझा बाप उंदरांचे सापळे करायचा, आजा शेतातली बिळं खणायचा. गावानं आमच्या वस्तीला नेमून दिलेलं काम ते. आम्ही गावाचं धान्य वाचवायचो आणि गाव आम्हाला वेशीबाहेर ठेवून उपकार फेडायचं.

अकरा वर्षं मी रोजंदारीवर होतो. कायम झालेल्या माणसाला गोदामाच्या आवारात खोली मिळायची आणि खोलीत नळ असायचा. हा नळ माझ्या बायकोच्या, गिरजाच्या, डोक्यात बसला होता. आमचं घर नाल्याच्या काठाला. पाण्यासाठी तिला रेल्वेफाटकापर्यंत जावं लागायचं, दिवसातून चार खेपा, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. मी काही मोठं बोलायला लागलो की ती म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या. नळ कवा येतोय तेवढं सांगा." कायम व्हायला साहेबांचं शिफारसपत्र लागायचं, आणि साहेब तीन वर्षं एकच शब्द बोलत होते. "बघू."

साहेबांचं आडनाव सांगत नाही. ते आता हयात नाहीत, आणि त्यांचे सोयरे आमच्याच गावात पेठेत राहतात. मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी फक्त घडलं ते सांगतो. त्यात वाईट निघालं तर माझा इलाज नाही.

बंगला गोदामाला लागूनच होता. रात्रीत किती उंदीर पडले ते सांगायला मी रोज सकाळी तिथं जायचो आणि ओसरीच्या पायरीवर उभा राहायचो. बाईसाहेब चहा द्यायच्या, नाही असं नाही. खिडकीच्या कठड्यावर कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. तो मी सुलटा करायचा, त्या वरून चहा ओतायच्या, पिऊन झाला की मीच तो विसळून पुन्हा पालथा घालायचा. एकदा त्यांनी आपण होऊन कारण सांगितलं होतं. म्हणाल्या, "तसं काही मनात आणू नकोस हं, नागनाथ. आम्ही ते जुनं काही मानत नाही. पण तुझे हात दिवसभर उंदरांत असतात, म्हणून."

मला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं. उंदरांपासून काय काय रोग होतात ते मी त्यांच्यापेक्षा जास्त जाणून होतो. घरी येऊन गिरजाला सांगितलं, तर ती चूल फुंकता फुंकता थांबली आणि "व्हय व्हय," एवढंच म्हणाली.

तर साहेबांची मुलगी. तिचं नाव रेवती. पुण्याला कॉलेजात होती. तिथं चिरफाड करायला पांढरे उंदीर ठेवत. परीक्षा संपल्यावर त्यातले उरलेले दोन तिनं बुटाच्या खोक्यात घातले आणि सुट्टीत घरी आणले. नावं ठेवली साखर आणि खोबरं. पहिल्या दिवशी बाईसाहेब खुर्चीवर चढल्या त्या दुपारपर्यंत उतरल्या नाहीत, असं त्यांची मोलकरीण सांगत होती. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या वरच्या साहेबांची बायको भेटीला आली. तिनं साखरेला तळहातावर घेतलं आणि सांगितलं, की परदेशात चांगल्या चांगल्या घरांतून उंदीर पाळतात. झालं. तिसऱ्या दिवसापासून साखर बाईसाहेबांच्या खांद्यावर. उंदीर तोच होता, दातही तेच होते, पण आता तो चांगल्या घरातला झाला होता.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "नागनाथ, उंदरांमधलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही." अकरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. पुढं म्हणाले, रेवतीला एक पिंजरा करून दे, चांगला ऐसपैस, हॉलमध्ये ठेवायचाय. आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पिंजरा हॉलमध्ये लागला की त्याच दिवशी तुझ्या पत्रावर सही."

म्हणजे हजारो मेलेल्या उंदरांनी माझं जे काम केलं नव्हतं, ते दोन जिवंत उंदीर करणार होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी कोण आणि गाढव कोण ते ठरवत बसायला मला वेळ नव्हता.

रेवतीकडं एक इंग्रजी पुस्तक होतं, पाळलेल्या उंदरांना सुखात कसं ठेवावं याचं. ती मागच्या ओसरीत खुर्चीवर बसून एकेक ओळ मराठीत सांगायची आणि मी पायरीवर बसून ऐकायचो. उंदीर एकटा ठेवू नये, तो झुरतो. खालची जमीन तारेची नसावी, तळव्यांना जखमा होतात. थेट ऊन नको, वाऱ्याचा झोत नको. ओल तर अजिबात नको, ओलीनं त्यांची छाती भरते. आणि पिंजरा माणसांच्या वावरात असावा, कुठंतरी कडेला टाकून दिल्यासारखा नसावा.

"ह्ये पुस्तक लिवणाऱ्याला एकडाव आमच्या वस्तीत आणा," मी म्हणालो. "ओल म्हंजी काय त्ये बघू द्या त्याला."

रेवतीनं पुस्तक मिटलं. ती मला 'तुम्ही' म्हणायची. त्या बंगल्यात तेवढी एकटीच. "तुम्हाला राग येतोय का हे करताना?"

"राग कसला, ताई. हसू येतंय."

खोटं बोललो. राग येत होता. आमच्या घरात पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरलं की माझी दोन्ही पोरं खाटेवर उकिडवी बसून रात्र काढायची, आणि मी इथं उंदरांच्या तळव्यांना काय टोचेल याचा विचार करत होतो. पण नळाकडं बघून मी राग गिळला.

खरं सांगायचं तर पुस्तकात होतं ते सगळं मला ठाऊकच होतं, फक्त उलट्या बाजूनं. उंदराला काय आवडतं ते कळल्याशिवाय सापळा लावता येत नाही. उंदीर मोकळ्यात निजत नाही. तो भिंतीला मिशा लावून पळतो, अंगाला दोन्हीकडून काहीतरी चिकटलेलं असलं की त्याला धीर येतो. त्याचे दात वाढतच राहतात, म्हणून कुरतडायला काही नसलं तर तो वेडापिसा होतो. पुस्तकात जाळीच्या भोकांचं माप इंचात दिलं होतं. मी म्हणालो, करंगळी जाईल पण अंगठा जाणार नाही एवढं भोक ठेवायचं, कारण उंदराचं डोकं गेलं की उंदीर गेला.

पाच दिवस मी त्या मागच्या ओसरीत बसून पिंजरा केला. माझ्या कमरेएवढा उंच, दोन मजली. वरच्या मजल्यावर जायला घसरू नये अशी खाचांची फळी. खाली एक चिरलेलं मडकं आडवं घातलं, उन्हाळ्यात गार आणि आत अंधार. कुरतडायला कडुलिंबाच्या काटक्या. पण हाताला लागलेलं वळण जात नाही. दार करायला घेतलं आणि बोलण्याच्या नादात मी सापळ्याचंच दार करून ठेवलं, उंदीर आत शिरला की पाठीमागं खाडकन पडणारं. रेवतीनं सहज बोट लावलं तर ते तिच्या बोटावर पडता पडता राहिलं. ती हसली, मलाही हसू आलं. सगळी हयात मी उंदीर आत कोंडायला दारं केली होती, त्यानं आत सुखानं राहावं म्हणून कधीच नाही. ते दार काढून मी साध्या कडीचं दार लावलं. काम झाल्यावर मी मागं सरकून पिंजरा बघितला आणि लाज वाटावी इतका मला त्याचा अभिमान वाटला.

राहिली झोळी. उंदरांना टांगलेल्या झोळीत निजायला फार आवडतं असं पुस्तक म्हणत होतं. बाईसाहेबांनी कपाटातून कोरा टॉवेल काढून दिला, गुलाबी, लव असलेला. मी म्हणालो, हा नको, ह्याच्या लवेत नखं अडकतात. त्या म्हणाल्या, तुला काय कळतं टॉवेलमधलं. तेही बरोबरच होतं, आमच्या घरात टॉवेल नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती धावत गोदामात आली. खोबऱ्याचं नख टॉवेलात अडकलं होतं आणि तो एका पायावर उलटा लोंबत होता. मी गेलो, तिनं त्याला हातात धरलं आणि मी कात्रीनं धागा कापला. तिचे डोळे भरले होते. मग काय घालायचं, गोणपाट घालू का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, गोणपाटाचा सुटा धागा पायाला गुंडाळला की पाय सडतो, गोदामात रोज बघतोय. झोळीला सुती कापड हवं, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं, ज्याला ना लव ना सुटा दोरा. बंगल्यात शोधाशोध झाली. तसं कापड मिळालं नाही. बंगल्यातले कपडे मऊ व्हायच्या आधीच कुणाला तरी देऊन टाकलेले असतात.

त्या संध्याकाळी मी गिरजाला विचारलं. तिच्या पेटीत हिरवं लुगडं होतं. लग्नातलं. विटून विटून हिरवं म्हणायचं इतकंच उरलं होतं, पण कापूस झाला होता त्याचा. माझी दोन्ही पोरं त्याच्याच झोळीत वाढली.

"उंदरांसाटी?" ती म्हणाली.

"साहेबांच्या उंदरांसाटी."

"साहेबाचा झाला म्हून उंदराची काय गाय हुती व्हय?"

ती बराच वेळ लुगडं मांडीवर घेऊन बसली. मग तिनं विचारलं, "पत्र मिळंल न्हवं?" मी म्हणालो, मिळंल, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी पिंजरा हॉलात जाणार, त्याच दिवशी. तिनं कात्री घेतली आणि पदराच्या बाजूनं दीड हात कापलं. कापताना दातओठ खात होती. कापल्यावर मी उठायला लागलो तर म्हणाली, थांबा, दोरे निगतील. आणि दिवा जवळ ओढून तिनं चारही कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवल्या, पोराच्या टोपड्याला शिवावं तशा.

"सांगा त्यास्नी," दोरा दातानं तोडत ती म्हणाली. "ह्यात माजी दोन पोरं निजल्यात. नीट निजा म्हनावं."

आणि ते नीट निजले. झोळी टांगली त्याच दिवशी दोघं तिच्यात शिरले आणि एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपले. बाईसाहेबांनी बघितलं, "हे काय विटकं आणलंयस," म्हणाल्या, पण खोबऱ्याच्या पायाची आठवण दिल्यावर गप्प बसल्या. कुठून आणलं ते त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडून आलेली गोष्ट कुठून आली ते त्या घरात कुणी विचारत नसे.

आठ दिवस पिंजरा मागच्या ओसरीतच होता. कुठं कुरतडतात, कुठून निसटू बघतात ते पारखायचं होतं. मी रोज सकाळी येऊन लांबूनच नजर टाकायचो. बाईसाहेब उठल्या की आधी तिथं यायच्या. झोळीतून झोपाळलेल्या साखरेला उचलायच्या, गालाला लावायच्या, "माझं बाळ गं ते," म्हणायच्या आणि तिच्या पाठीचा मुका घ्यायच्या. मग माझा कप सुलटा झाला की वरून चहा ओतायच्या.

रविवार आला. मी घासून घासून आंघोळ केली. हात राखेनं घासले, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. गिरजानं धुतलेला सदरा काढून दिला. माझ्या मनात एक विचार सारखा येत होता आणि तो मला गमतीचा वाटत होता. माझे हात उंदरांत असतात म्हणून मी पायरीवर. आता उंदीरच हॉलमध्ये चाललेत. म्हणजे ते कारण संपलं. निघताना मी गिरजाला म्हणालो, आज कपाला कान आसंल बघ.

"बघू," ती म्हणाली. अगदी साहेबांसारखं.

अकरा वर्षांत त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकणार होतो. दारात पोचलो तर बाईसाहेब वाकून वर्तमानपत्रं अंथरत होत्या. दारापासून कोपऱ्यापर्यंत कागदांची एक वाटच केली होती. "ह्यावरून ये हं," त्या म्हणाल्या. "फरशी आत्ताच पुसलीये." मी आणि मोलकरीण पिंजरा उचलून त्या वाटेनं आत गेलो. मोलकरीण फरशीवरून चालत होती, मी कागदावरून. तेव्हाही मी मनाला समजावलं की चपला काढल्या तरी पायाला गोदामाची धूळ असतेच.

कोपरा मीच निवडला. खिडकीपासून लांब, पंख्याच्या खाली नाही, आणि सगळी जिथं बसतात त्या सोफ्यासमोर. उंदरांना माणसं दिसली पाहिजेत ना. साहेब सोफ्यावर बसले होते. समोरच्या टीपॉयवर टाइप केलेलं पत्र होतं. उलट्या बाजूनंही मला माझं नाव वाचता आलं. सातवी पास आहे मी. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

बाईसाहेबांच्या हातात साखर होती, रेवतीच्या हातात खोबरं. मी गुडघ्यावर बसून पिंजऱ्याची कडी बघत होतो, तेवढ्यात खोबऱ्यानं तिच्या हातातून उडी मारली आणि थेट माझ्या बाहीवर आला. तिथून दंडावर, दंडावरून खांद्यावर, आणि माझ्या कानामागं नाक खुपसून हुंगायला लागला. मी हललोच नाही. आयुष्यात मी किती उंदीर हाताळले त्याला मोजदाद नाही, पण आपण होऊन माझ्याकडं आलेला तो पहिला. त्याचं पोट माझ्या मानेला लागत होतं, गरम. पडू नये म्हणून मी वरून हात धरला.

"तुम्ही आवडलात त्याला," रेवती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. वास ओळखीचा असणार, हे मला कळलं. ज्या कापडात तो आठ दिवस निजला त्याला आमच्या घराचा वास होता, धुऊन न जाणारा.

मी त्याला अलगद काढून तिच्या ओंजळीत दिलं.

"रेवती, त्याला आधी आंघोळ घाल," बाईसाहेब म्हणाल्या. "मग पिंजऱ्यात सोड."

"आत्ता? कशाला?"

"हात लागलाय ना त्याचा."

आवाज चढवून नाही म्हणाल्या. दूध उतू जातंय बघ, असं म्हणावं तसं म्हणाल्या.

रेवती माझ्याकडं बघेना. "आई, अगं, तो उंदीर आहे."

"उंदीर असला तरी आपल्या घरातला आहे."

साहेबांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा पत्रात घातली. म्हणाले, "नागनाथ, तू ओसरीवर थांब. सही करून बाहेर पाठवतो."

मी जाऊ शकलो असतो. कागदावरून सात-आठ पावलं, मग पायरी, मग पत्र, मग खोली, मग नळ. गिरजा नळाखाली हंडा लावून नुसती उभी राहिली आहे, हे चित्र मी तीन वर्षं बघत होतो आणि त्या क्षणीही ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी शूर माणूस नाही. पण अकरा वर्षं मी ज्या कारणावर विश्वास ठेवला ते कारण माझ्यादेखत त्या बाईच्या हातात बसून मिशा पुसत होतं, आणि मी किती मूर्ख होतो ते मला तिथं, वर्तमानपत्रावर बसल्या बसल्या कळलं. बाईसाहेबांपेक्षा जास्त चीड मला माझीच आली.

"मंग झोळीबी काढा, बाईसाहेब," मी म्हणालो.

"का? झोळीला काय झालं?"

"माझ्या बायकोच्या लुगड्याची हाय ती. माझी पोरं निजली त्यात. आता आठ दिस झालं, ह्ये दोगं त्यातच निजत्यात, आन् सकाळी उठून तुमच्या गालाला लागत्यात."

साखर त्या वेळीही त्यांच्या गळ्याशीच होती. त्यांनी ती हळूच लांब धरली, मग सोफ्यावर ठेवली. गालाकडं हात गेला आणि मध्येच थांबला. मग त्या आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवलं. "तू जा आता," म्हणाले. मी उठलो आणि बाहेर आलो. येताना कागदावरून आलो नाही, फरशीवरून आलो. एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

घरी पोचेपर्यंत ताठा उतरला होता. गिरजा हंडा उतरवत होती. तिनं माझा चेहरा बघितला आणि पत्र कुठंय म्हणून विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. नळ गेला, असंही सांगितलं. मला वाटलं ती कपाळ बडवून घेईल, जिभेला हाड नाही म्हणेल. ती म्हणाली, "काय म्हनली ती? परत सांगा."

मी परत सांगितलं.

"आन् झोळी?"

"तितंच ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला न जाता ती बंगल्यावर गेली. मी गोदामाच्या कोपऱ्यावरून बघत होतो. ती ओसरीच्या पायरीवर चढली नाही, खाली अंगणात उभी राहिली. बाईसाहेब बाहेर आल्याच नाहीत. रेवती आली, एका हातात घडी केलेली झोळी, दुसऱ्या हातात एक साडी, अजून कागदातून न काढलेली. ती रडत रडत काहीतरी बोलत होती. गिरजानं तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, झोळी घेतली आणि साडी तिथंच ठेवून माघारी फिरली.

महिन्याभरात माझं काम बंद झालं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, कारणांवरचा माझा विश्वास उडाला होता. बापासारखा मीही सापळे करायला लागलो आणि आठवड्याच्या बाजारात मांडायला लागलो. अजून मांडतो. आमच्या घरात नळ आला तो त्यानंतर चौदा वर्षांनी. पत्रासाठी मान खाली घालून गेलो असतो तर चौदा वर्षं आधी आला असता, आणि गिरजाच्या कमरेचं दुखणं कदाचित एवढं वाढलं नसतं. हे मी विसरत नाही.

पण गिरजानं झोळी परत आणली त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी घरी आलो तेव्हा गिरजानं चुलीवर पाणी उकळत ठेवलं होतं. त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून तिनं तो दीड हाताचा तुकडा बुडवला, काठीनं ढवळला, दगडावर आपटला, पिळला. मग दुसरं पाणी. मग तिसरं. आदल्या दिवशी फाटकापासून डोक्यावरून आणलेलं पाणी ते. दोन हंडे तिनं त्या चिंधीवर ओतले आणि उरलेल्या एका कळशीत घराचा दिवस काढायचा होता.

"आगं, किती धुशील," मी म्हणालो. "येवढा वास येतोय व्हय उंदरांचा?"

तिनं तुकडा पिळला, झटकला, नाकाशी धरला आणि पुन्हा पाण्यात बुडवला.

"उंदरांचा न्हाई," ती म्हणाली.